मच्छरदाणीला दिलेले औषध

१. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात ग्रीक इतिहासकार हेरोडोटस याने इजिप्तच्या पाणथळ प्रदेशातील रहिवाशांविषयी एक नोंद केली आहे. दिवसा ज्या जाळ्याने ते मासे धरत, तेच रात्री अंथरुणाभोवती लावून ते आत झोपत. वस्त्रातूनही चावणारे डास जाळ्याच्या वाटेला जात नाहीत, असे तो सांगतो.

२. डासासोबत मृत्यूही येतो, हे सिद्ध व्हायला मात्र १८९७ साल उजाडावे लागले. २० ऑगस्ट रोजी सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांना ॲनोफिलिस डासाच्या जठराच्या भित्तिकेत हिवतापाचा परजीवी आढळला.

३. मच्छरदाणीचे महत्त्व यामुळे वाढले; तिची उणीवही उघडी पडली. जाळीला एखादे भोक पडले, किंवा झोपेत हात तिला टेकला, की डासाचे काम झाले. आणि गरिबाच्या घरातली जाळी बहुधा फाटकीच असते.

४. उपाय फुलांत दडलेला होता. शेवंतीच्या कुळातील पायरेथ्रम या फुलांची भुकटी कीटकनाशक आहे, हे जुने ज्ञान. परंतु उन्हात तिचा प्रभाव लवकर ओसरे. १९७३ साली इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथे मायकेल इलियट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच धर्तीवर उन्हात टिकणारे पर्मेथ्रिन घडवले. कापडावर बसलेल्या डासाच्या पायांवाटे ते शरीरात शिरते आणि त्याची मज्जासंस्था निकामी करते. त्यामुळे फाटकी जाळीही काही अंशी राखण करू लागली.

५. त्याची कसोटी पश्चिम आफ्रिकेतील गांबियात लागली. तेथील अनेक खेड्यांत मच्छरदाण्या पूर्वीपासूनच होत्या; त्या फक्त पर्मेथ्रिनच्या द्रावणात बुडवून वाळवण्यात आल्या. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, या गावांत एक ते चार वर्षांच्या मुलांचे मृत्यू सुमारे ६३ टक्क्यांनी घटले. पुढे बुर्किना फासो, घाना आणि केनियातील मोठ्या चाचण्यांत घट याहून कमी भरली. तरी औषधी जाळीने मुले वाचतात, हे पक्के झाले.

६. २००० ते २०१५ या काळात आफ्रिकेत हिवतापाच्या सुमारे ६६.३ कोटी घटना टळल्या, आणि त्यांतील ६८ टक्के श्रेय या जाळ्यांचे, असा एका अभ्यासाचा अंदाज आहे.

७. मात्र डासांच्याही पिढ्या बदलल्या. या औषधाला न जुमानणारे डास आफ्रिकेत सर्वदूर पसरले. म्हणून २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेने क्लोरफेनापिर हे दुसरे कीटकनाशक जोडलेल्या जाळ्यांची शिफारस केली. जाळी जुनीच आहे. तिचे औषध मात्र डासांच्या एक पाऊल पुढे ठेवावे लागते.