सरस आणि श्लेष

'सरस' हा शब्द साहित्याचे विद्यार्थी बहुधा विशेषण म्हणूनच ओळखतात. एक कविता दुसरीपेक्षा सरस ठरते, क्वचित एखादे भाषांतर मुळाहून सरस उतरते. 'रसा'शी नाते सांगणाऱ्या या संस्कृत विशेषणाच्या शेजारी त्याच उच्चाराचे एक नाम आहे. ते फारसी 'सरेश'वरून आले आणि त्याचा अर्थ जनावरांची कातडी व हाडे शिजवून काढलेला चिकट पदार्थ. कुळे दोन, रूप एक. आपण याला श्लेष म्हणतो. आणि 'श्लेष' म्हणजे तरी मुळात चिकटणेच. (विश्लेषण करताना आपण चिकटलेले सोडवत असतो, हे समीक्षकांना क्वचितच आठवते.)

सुताराचा सरस तपकिरी, काचेसारख्या खड्यांच्या रूपात मिळतो. तो रात्रभर थंड पाण्यात भिजत घालायचा, फुगला की गरम पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून त्यात वितळवायचा. साधारण 60 अंश सेल्सिअस पुरतात. उकळला तर त्याची ताकद जाते. लावायचा तो गरमच, आणि थंड होऊन गोठण्याआधी सांधा बसवायचा. दुर्गंधी, चूल, घाई हे सारे त्याच्यासोबत येते. 1959 साली फेविकॉल आले आणि सुतारांची या व्यापातून सुटका झाली. त्याबद्दल हळहळ व्यक्त करणे मला तरी ढोंगीपणाचे वाटते. ती भांडी आपण ढवळलेली नाहीत.

जुन्या लाकडाच्या दुरुस्तीत मात्र सरसाचा एक गुण उरतोच. गरम पाण्याने तो सैल होतो, सांधा न फोडता उघडतो आणि नवा गरम सरस जुन्याशी एकजीव होतो. पांढरा गोंद एकदा वाळला की त्याच्यावर नवा गोंद धड धरत नाही. मग लाकूड खरवडावे लागते, आणि खरवडले की खाच सैल पडते.

नाशिक रोडला, जेल रोडवरच्या आमच्या घरात सागवानी देव्हारा आहे. आजोबा प्रेसमध्ये नोकरीला होते. 1933 च्या सुमारास त्यांनी तो करवून घेतला. गेल्या पावसाळ्यानंतर त्याचा एक खांब हलू लागला. मिस्त्रींनी गॅलरीत बसून कोमट पाण्याने सांधा उघडला, तेव्हा आतून तपकिरी चिकट ओघळ आला.

"हे काय?" आईने विचारले. आई 81 वर्षांची. या घरात अंडे कधी आलेले नाही.

मिस्त्रींनी आधी माझ्याकडे पाहिले. "सरस आहे, मावशी. जनावराच्या कातड्याचा असतो."

साठ वर्षे ती या देव्हाऱ्यासमोर बसत आली होती. ती काहीच बोलली नाही. मिस्त्रीच म्हणाले, "फेविकॉल लावू का? सगळं घासून काढावं लागेल, पण."

त्या दिवशी काम थांबले. मी तिला सहाव्या शतकातल्या वराहमिहिराचा दाखला दिला. त्याच्या 'बृहत्संहिते'त मंदिरे व मूर्तींसाठीच्या वज्रलेपावर स्वतंत्र अध्याय आहे, आणि त्यातल्या एका कृतीत गाय, म्हैस व बकरी यांची शिंगे, गाढवाचे केस, म्हशीचे कातडे, कडुनिंब आणि कवठाचा रस असे सारे येते. "पोथ्यांत काय, सगळंच असतं," एवढेच ती म्हणाली. रात्री जेवताना मात्र आपणहून बोलली, "आमचे दादा पखवाज वाजवायचे. त्याला काय असतं मग?"

उत्तर उदार होते, पण मला ते अपुरे वाटले. पखवाजाचे कातडे सर्वांना दिसते, त्याच्यावर थाप पडते. सरस खाचेत दडलेला असतो. आणि कातडी सोलणारे, कमावणारे हात तर गावकुसाबाहेरचे. याच नाशकात 2 मार्च 1930 रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला; दादासाहेब गायकवाड आणि सहकाऱ्यांनी तो पाच वर्षे लढवला, तरी दार उघडले नाही. आमचा देव्हारा त्याच पाच वर्षांतला. ज्यांना गाभाऱ्याची पायरी नाकारली, त्यांच्या श्रमाचा अर्क तेव्हा घरोघरीच्या देव्हाऱ्यांच्या सांध्यांत बसला होता. आजोबा या सत्याग्रहाविषयी कधी काही बोलल्याचे घरात कोणाला आठवत नाही. हे मी आईला सांगितले. "त्यांनी बोलायला हवं होतं," ती म्हणाली. सासऱ्यांविषयी असे वाक्य मी तिच्या तोंडून प्रथमच ऐकले.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी सरसच शिजवला. खाचेच्या आत जुन्या सुताराने पेन्सिलीने घातलेला '३' तसाच होता. तो त्यांनी पुसला नाही. खांब बसवून, सुतळीचे वेढे पिळून रात्रभर आवळून ठेवला. दोन दिवस देव पाटावर राहिले. तिसऱ्या दिवशी आईने मिस्त्रींना देवघरात बोलावून सांधा हलवून पाहायला लावला, आणि मग देव मांडले.

उरलेल्या सरसाच्या खड्यांचा डबा गॅलरीतच आहे. तो स्वयंपाकघरात आणायचा नाही, असे तिने बजावले आहे.