पोटॅशची बादली

कळवणच्या पट्ट्यात उन्हाळ कांद्याची लागण सुरू झाली की खताच्या दुकानांपुढे गोण्यांच्या थप्प्या लागतात. त्यांत लाल पोटॅशही असतो. विटकरी, चरचरीत खडे. तो लाल रंग पोटॅशचा नव्हेच. खाणीतून सोबत आलेल्या लोहाच्या ऑक्साइडचा. बादलीत टाकून ढवळलं की रंग गाळ होऊन तळाशी बसतो, वर पाणी बरंचसं नितळ राहतं. आणि गार होतं. दहा लिटरांत किलोभर पोटॅश विरघळला तर पाणी पाचेक अंशांनी उतरतं. डिसेंबरच्या सकाळी त्यात घातलेली बोटं आखडून निघतात.

हा खडा म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. त्यातले दोघेही मुळात भलतेच आडदांड. दाहक पोटॅश वितळवून, त्यातून वीज सोडून हम्फ्री डेव्हीने 1807 साली लंडनमध्ये पोटॅशियम पहिल्यांदा मोकळा केला. सुरीने कापला जाईल इतका मऊ धातू, पण पाण्यावर पडला की जांभळ्या ज्वाळेने पेटतो. क्लोरीन हा विषारी वायू. एप्रिल 1915 मध्ये जर्मन सैन्याने बेल्जियममधल्या ईप्रच्या आघाडीवर माणसं मारायला तोच सोडला होता. हे दोघे एकत्र आले की त्यांचं कांद्याच्या वाफ्यात मुठीने फेकायचं खत होतं!

शाळेत हे सगळं दोन वर्तुळांत उरकतं. पोटॅशियमच्या बाहेरच्या कक्षेत एक इलेक्ट्रॉन, क्लोरीनच्या कक्षेत सात. याने दिला, त्याने घेतला, दोघांचं अष्टक पूर्ण. एक धन झाला, एक ऋण, आणि जुळला आयनिक बंध. वाल्थर कोसेलने 1916 मध्ये मांडलेला विचार थोडक्यात हाच, आणि तो खोटा नाही. पण फळ्यावरचं चित्र पाहून धातू मोठा दानशूर वाटतो, तसं मुळीच नाही. पोटॅशियमच्या सुट्या अणूकडून इलेक्ट्रॉन ओढून काढायला मोलमागे 419 किलोज्यूल खर्च येतो. क्लोरीन तो घेताना 349 परत करतो. म्हणजे नुसती देवघेव बघितली तर सत्तरचा तोटा. तो भरून निघतो विरुद्ध भारांच्या ओढीने, आणि खरी कमाई होते ती असंख्य आयन एकमेकांभोवती रचले गेले की. तेव्हा सातशेच्या वर किलोज्यूल बाहेर पडतात.

या रचनेत जोडपं कुठेच नसतं. लॉरेन्स ब्रॅगने 1913 मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, क्ष-किरणांनी अशा क्षारांचे स्फटिक तपासले तेव्हा दिसलं की प्रत्येक धन आयनाभोवती सहा ऋण आहेत, प्रत्येक ऋणाभोवती सहा धन. अमक्याचा इलेक्ट्रॉन तमक्याकडे, हे विचारण्यात अर्थ नाही. हेन्री आर्मस्ट्राँग या बुजुर्ग रसायनतज्ज्ञाला हे इतकं झोंबलं की 1927 मध्येही तो ‘नेचर’मध्ये बुद्धिबळाच्या पटासारख्या या रचनेवर तुटून पडला होता. मला त्याचा राग समजतो. जोड्या लावायची आपली खोड जुनी.

बादलीतला गारवा ऊर्जेच्या त्याच हिशेबातला. पाण्याचे रेणू एकेका आयनाला घेरून रचनेतून सोडवतात. घेरताना ऊर्जा मिळते, पण रचना मोडायला लागते त्याहून थोडी कमीच. उणे पडते ती पाण्याच्या उष्णतेतून वळती होते.

पुढे शेतात दोघांच्या वाटा वेगळ्या. काळ्या मातीच्या चिकणकणांवर ऋण भार असतो. पोटॅशियम तिथे धरून ठेवला जातो आणि मुळं तो हळूहळू उचलतात. क्लोराइड बराचसा पाण्याबरोबर खाली झिरपतो. जास्त साचला तर पानांच्या कडा करपवतो, म्हणून द्राक्ष-डाळिंबवाले जादा पैसे मोजून सल्फेटचा पोटॅश घेतात. कांद्याबरोबर पोटॅशियम बाजार समितीत पोचतो, तेव्हा क्लोराइड जमिनीत कुठल्या कुठे खोल गेलेला असतो.

आठवीच्या वर्गाला बंध शिकवणाऱ्या बाईंना आणि सरांना एवढंच सांगणं: दोन वर्तुळांचं चित्र जरूर काढा, पण एक बादली आणि किलोभर पोटॅशही वर्गात न्या, आणि पोरांना पाण्यात हात घालू द्या. नंतर साबणाने धुवायला मात्र लावा.