उशीर नेमका कुणाचा?

"मामू, मी कॉलेजच्या जिम्नॅस्टिक्स स्पर्धेत उतरू शकेन?" दिग्रसच्या अंगणात कोलांटी मारून 13 वर्षांच्या भाचीने विचारले.

दीपा कर्माकर सहाव्या वर्षी शिकू लागली. तरी 2016 साली रिओ ऑलिंपिकमध्ये तिचे कांस्यपदक 0.150 गुणांनी हुकले. मी म्हणालो, "बेटा, उशीर झाला."

तिचा चेहरा उतरला. मला रात्रभर सलत राहिले. तिने ऑलिंपिक मागितलेच नव्हते. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला अजून पाच वर्षे आहेत. पदकाची हमी नाही, पण उतरता नक्की येईल. उशीर तिने केला नाही. तिला शिकवणाऱ्याकडे नेण्यात आम्हीच केला.

अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून उभे आहे. फजरनंतर बहिणीला म्हणालो, "सुट्टी लागली की मीच घेऊन जातो."