आधी उत्तर, मग रीडिंग

परवा भाचीचा फोन आला. ती आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. (ताई, तू हे वाचणारच, म्हणून आधीच कबूल करतो, मी तिला चुकीचा सल्ला दिला!)

वाईतला एक जुना वाडा मोजून त्याचे नकाशे काढायचे होते. रस्त्याकडच्या खोलीच्या समोरासमोरच्या भिंती अगदी सारख्या, ३.६२ आणि ४.८५ मीटर. पण एक कर्ण ६.१६ आणि दुसरा ५.९४!

"मामा, असं कसं?"

"टेप सैल धरली असशील. काटकोन मार आणि सबमिशन करून टाक."

फोन ठेवला आणि माझं थर्ड इयर आठवलं. काँक्रीटची लॅब. एम-२० म्हणजे २८ दिवसांनी चौरस मिलिमीटरला २० न्यूटन. क्यूब १५० मिमीचा, म्हणजे २२,५०० चौरस मिमी. गुणाकार केला की ४५० किलोन्यूटन. झालं! क्यूब फुटायच्या आधीच जर्नल तयार: ४४८, ४५५, ४६२. आमचा एक क्यूब ३८० लाच फुटला होता. आम्ही ४५२ लिहिलं, सरांनी सही केली. पाणी जास्त पडलं का, नीट ठोकलं नाही का, क्युरिंग कमी झालं का, कुणी विचारलंच नाही. खरं तर शिकण्यासारखं त्या दिवशी लॅबमध्ये तेवढंच होतं.

पुढे नोकरीत, साइटच्या लॅबमध्ये असाच एक क्यूब लवकर फुटला. पेन आपोआप साडेचारशेकडे निघालं होतं. थांबलो, ते काही तत्त्वासाठी नव्हे. खिडकीतून त्याच स्लॅबखाली खेळणारी वॉचमनची पोरं दिसली, म्हणून. खरा आकडा लिहिला, बोलणी खाल्ली, स्लॅबची पुन्हा तपासणी झाली. पण पोरं त्या दिवशी दुसरीकडे खेळत असती तर? हा प्रश्न अजून पिच्छा सोडत नाही.

हल्ली कॉलेजांच्या माहितीपत्रकांत 'संशोधनाधारित शिक्षण' असे भारदस्त शब्द असतात. मला वाटतं, त्याची सुरुवात फार साधी आहे. न जुळणारा आकडा खोडायचा नाही, त्याच्या मागे जायचं.

भाची गेली. शनिवारी पुन्हा वाईला जाऊन मोजलं, आकडे तेच. मग बाहेर येऊन गल्ली मोजली. गल्ली तिथे दोनेक अंशांनी वळते, भिंत तिच्यासोबत वळलीय आणि आतली भिंत तिला समांतर. वाडा बांधणाऱ्याने गल्लीचा मान राखला होता, आणि मी निघालो होतो फोनवरून त्याचा काटकोन करायला!

नकाशात तिने खोली तिरकीच काढलीय. माझं जर्नल अजून माळ्यावर आहे. या दिवाळीत ती आली की काढून दाखवीन म्हणतो, ते ४५२ सुद्धा.