स्क्रीन काळी, काम चालू

बँकेत माझ्या शेजारी नवा माणूस रुजू झाला की पहिल्या आठवड्यात हमखास म्हणतो, "सर, तुमचा फोन बंद पडलाय." बंद नसतो. अंधांसाठी स्क्रीनवरचं वाचून दाखवणाऱ्या टॉकबॅकमध्ये स्क्रीन काळी ठेवायची सोय आहे. बघायचंच नाही तर उजेड कशाला? शिवाय ग्राहकाचा खातेक्रमांक मागून कुणी वाचत नाही. एका कानात इअरफोन, दुसरा कान काउंटरकडे. बोलण्याचा वेग एवढा वाढवलेला असतो की इतरांना ती नुसती किरकिर वाटते.

बोट उजवीकडे सरकवलं की पुढची ओळ वाचली जाते, दोनदा टिचकी मारली की ती उघडते. एवढंच मूळ तंत्र. पूर्वी बटणांच्या नोकियावर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर वेगळे पैसे मोजून घालावं लागे. मग गुळगुळीत काचेचे फोन आले आणि अनेक अंधांना वाटलं, आता संपलं. झालं उलटंच. २००९ साली आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर आणि अँड्रॉइडवर टॉकबॅक आलं, तेही फुकट. अँड्रॉइडच्या या सुरुवातीच्या बोलक्या सोयींसाठी गूगलमध्ये झटणारे टी. व्ही. रामन स्वतः अंध, आणि पुण्यात वाढलेले.

कॅशच्या खिडकीवर मी बसत नाही, पण चहावाल्याचे पैसे तर द्यावेच लागतात. नव्या मालिकेतल्या शंभर, दोनशे आणि पाचशेच्या नोटांची रुंदी सारखीच, ६६ मिलिमीटर. लांबी अनुक्रमे १४२, १४६ आणि १५०. चार मिलिमीटरचा फरक मळक्या, दुमडलेल्या नोटेवर बोटांनी ओळखून दाखवा! रिझर्व्ह बँकेचं 'मनी' अ‍ॅप जानेवारी २०२० पासून हे काम करतं, इंटरनेटशिवायही. नोट खरी की खोटी, ते मात्र सांगत नाही.

अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. कामाचं एखादं अ‍ॅप अपडेट होतं आणि काल 'रजा अर्ज' म्हणणारं बटण आज नुसतं 'बटण' म्हणतं. पुढचंही बटण, त्याच्या पुढचंही. टॉकबॅकमध्ये अशा बटणाला आपण स्वतः नाव देऊ शकतो, पण ते कशाचं आहे हे आधी कुणीतरी डोळसाने सांगायला हवं. खरं तर ते नाव लिहिणं हे प्रोग्रामरचं एका ओळीचं काम.

केवायसीची तऱ्हा तर अजब. कॅमेऱ्यापुढे डोळे मिचकावा, म्हणजे तुम्ही जिवंत! ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला आणि डोळे मिचकावण्याला पर्याय द्यायला सांगितलं.

परिपत्रकांसाठी मात्र कुणी न्यायालयात जात नाही. वरच्या कार्यालयातून व्हॉट्सअ‍ॅपवर कागदाचा तिरका फोटो येतो. फोटोतला मजकूर वाचणारी अ‍ॅप्स आहेत. ती बरंचसं वाचतात, आणि नेमकी मुदतीची तारीख गोल शिक्क्याखाली अडकते. मग शेजारच्याला विचारायचं, त्याच्यासमोर ग्राहक असला तर थांबायचं. गंमत अशी की तो मजकूर आधी संगणकावरच टाइप झालेला असतो. छापून, सही-शिक्का करून, फोटो काढून आपणच तो मुका करतो. परिपत्रकं काढणाऱ्यांनो, फोटो खुशाल पाठवा, फक्त त्याच्याखाली मूळ फाइलही जोडा.