लेकीची रात्रपाळी

आम्ही दोघेही पाळीवर राबून म्हातारे झालो. एकाची हयात रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये गेली, दुसरीची औषधाच्या कारखान्यात बाटल्या भरण्यात. रात्रपाळी म्हणजे काय हे आम्हांला कोणी सांगायला नको. म्हणून आमची लेक एम.एस्सी. होऊन संशोधनाला लागली आणि तीही रात्रपाळीला जाऊ लागली, तेव्हा आम्ही खट्टू झालो. एवढे शिकूनही पोरीची पाळी काही चुकली नाही!

कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत पेलेट्रॉन नावाचे यंत्र आहे. १९८८ साली ते सुरू झाले. अणूंना प्रचंड वेग देऊन ते धातूच्या पातळ पत्र्यावर आदळवतात. यंत्र एक आणि काम करणारे अनेक. त्यामुळे आपले दिवस मिळाले की रात्रंदिवस जागून काम उरकावे लागते.

अशात तिला बँकेत क्लार्कची नोकरी लागली. छात्रवृत्तीची मुदत संपत आलेली, डोक्यावर घरदुरुस्तीचे कर्ज. नातेवाईक म्हणाले, "अणू फोडून पोट भरतं का?" खरे सांगायचे तर आम्हीही तेच म्हणालो.

पोरगी भांडली नाही. म्हणाली, "पप्पा, जयंतीच्या मिरवणुकीतलं लेझीम आठवा. एकाच पोरानं उडी मारली, तर ती त्याची एकट्याची. पण पन्नास जण ठेक्यावर एकदम डावीकडे, एकदम उजवीकडे झुकले, की अख्खं पथक डोलतं. अणूच्या पोटातही असंच होतं."

शिशाच्या अणूच्या गाभ्यात ८२ प्रोटॉन आणि बहुधा १२६ न्यूट्रॉन असतात. नेमकी ऊर्जा मिळाली की सगळे प्रोटॉन एका अंगाला, सगळे न्यूट्रॉन दुसऱ्या अंगाला, असे झुलू लागतात. झोपाळ्याला वेळेवर दिलेला धक्काच कामाला येतो, तसेच हे. याला जायंट रेझोनन्स म्हणतात. १९४७ साली अमेरिकेत बाल्डविन आणि क्लायबर या दोघांना त्याची पहिली स्पष्ट खूण सापडली. हे झुलणे इतके क्षणिक, की दोनचार हेलकाव्यांतच विरते. १९७७ मध्ये आणखी एक तऱ्हा प्रयोगांत नीट दिसली. त्यात अख्खा गाभा छातीसारखा फुगतो आणि आकसतो.

"त्याचा उपयोग काय?" आईने विचारले.

"गाभा दाबायला किती कठीण, ते त्या फुगण्याआकसण्यावरून कळतं. आकाशात न्यूट्रॉन तारे आहेत. सूर्याहून जड, पण रुंदी साधारण व्हीटी ते घाटकोपर एवढीच! त्यांच्या पोटात काय चाललंय ते समजायला हेच मोजमाप लागतं."

तिचे स्वतःचे काम तापलेल्या गाभ्यांवर आहे. दोन गाभे आदळून एक होतात, तापतात आणि गॅमा किरण सोडतात. ते बेरियम फ्लोराइडच्या स्फटिकांत पकडायचे. आलेखात एकच उंचवटा आला तर गाभा गोल, दोन आले तर लांबोडका किंवा चपटा. एवढ्यासाठी पोर रात्र रात्र जागते.

त्या रात्री आम्हांला झोप आली नाही. आम्ही तीस-तीस वर्षे पाळ्या केल्या त्या दुसऱ्याच्या मालासाठी. ही जागते ती तिला काही जाणून घ्यायचे आहे म्हणून. असले जागरण आमच्या घराण्यात कोणाच्या वाट्याला आले होते? सकाळी आम्ही तिला सांगितले, "बँकेला नाही म्हणून कळव. कर्जाचं आम्ही बघू."

कर्ज अजून फिटलेले नाही. एकाने पेन्शनवर भागत नाही म्हणून रखवालदारी धरली आहे. पण तिची पाळी असली की आम्ही भाकरी आणि सुकटीची चटणी डब्यात बांधून देतो आणि ती परत येईपर्यंत दाराला कडी लावत नाही.

आपल्या घरातले मूल आपल्याला न कळणारे काही शिकत असेल, तर त्याला बोल लावण्याआधी एक संध्याकाळ त्याच्यासमोर बसावे आणि विचारावे, "बाळा, हे काय आहे, सांग बघू." आम्ही ते फार उशिरा विचारले.