वाफसा

मंगळवेढ्याच्या काळ्या रानात पाऊस झाल्या झाल्या पाय ठेवला, तर चिखल वहाणेसकट पाय धरून ठेवतो. अशा ओल्या रानात कुळव घातला की ढेकळं निघतात, ती वाळून दगड होतात आणि ती चूक हंगामभर डोळ्यांसमोर राहते. म्हणून आमच्याकडे वाफशाची वाट बघतात. मूठभर माती घ्यायची, दाबायची, सोडायची. गोळा होऊन सहज फुटली, तर वाफसा आला. तो तारीख सांगून येत नाही, येतो तेव्हा ओळखावा लागतो.

शेतीतली ही गोष्ट मला लहानपणापासून कळत होती. घोडी तयार करण्याच्या माझ्या कामातही तीच गोष्ट लागू आहे, हे मात्र तीन वर्षांच्या एका घोडीने फार उशिरा शिकवलं.

गौरी-गणपतीच्या दिवसांत एक मेंढपाळ मामा तिला घेऊन आले. अंगाने काळी, कपाळावर पांढरा टिळा. आईच्या मागे मेंढ्यांच्या खांडाबरोबर मोकळी वाढलेली. तिला मोहरकी माहीत नव्हती, माणसाचा हातही माहीत नव्हता. मामा म्हणाले, "आण्णा, दिवाळी झाली की बिऱ्हाड हलतंय. त्याच्या आत हिच्या पाठीवर वज्जं बसलं पायजे." मी हो म्हटलं.

घोडी भीमथडीची होती. भीमेच्या थडीवरचं हे बुटकं, काटक घोडं एकेकाळी मराठ्यांच्या फौजेचा कणा होतं. इथून जवळच, ब्रह्मपुरी-माचणूरला, १६९५ ते १६९९ अशी चार वर्षं औरंगजेबाची छावणी होती. त्या अवाढव्य छावणीच्या फौजांना झुलवत ठेवणारे स्वार याच दख्खनी तट्टांवर बसत. फौजा गेल्या, आणि पुढे हे घोडं टिकलं ते मुख्यतः धनगरांच्या वाड्यांवर, भांडी, वाकळा आणि नुकती जन्मलेली कोकरं पाठीवर वाहत. अमेरिकेतल्या रानटी मुस्टँग घोड्यांचं मूळही असंच माणसांच्या दावणीला आहे. स्पॅनिश लोकांनी नेलेली घोडी सुटली, रानात वाढली आणि माणसाला विसरली. स्पॅनिश भाषेतल्या ज्या शब्दावरून ते नाव आलं, त्याचा अर्थ 'धनी नसलेलं, भटकं जनावर'. माझ्यासमोर उभी असलेली घोडीही तशीच होती. तिला धनी होता, पण तिच्या मनाला तो अजून ठाऊक नव्हता.

माझे उस्ताद पंढरपूरच्या टांग्यांच्या काळातले चाबूकस्वार होते. ते सांगत, घोडं ओढून शिकत नाही, ढील मिळाली की शिकतं. दोर ताणायचा, घोडं एक पाऊल जरी आपल्याकडे आलं तरी त्या क्षणी सैल सोडायचा. त्या सैल होण्यात त्याला उत्तर सापडतं. समोरून सरळ चालून जायचं नाही, कारण घोड्याला जवळपास चहूकडचं दिसतं, पण नाकासमोरचं आणि शेपटीमागचं दिसत नाही. खांद्याच्या बाजूने जायचं. डाव्या अंगाने जे शिकवलं, ते उजव्या अंगाने पुन्हा पहिल्यापासून शिकवायचं.

तीन आठवडे सगळं नीट झालं. तिने मोहरकी घेतली. लांब दोरावर गोल, काव्यावर फिरू लागली, आधी डावीकडे, मग उजवीकडे. खरारा करताना डोळे अर्धे मिटू लागली. घटस्थापनेच्या सुमारास मी दिवस मोजले आणि घाई केली. त्या सकाळी ती तोबऱ्याला तोंड लावत नव्हती. मान उंच होती, श्वास वर धरलेला होता, ओठ आवळलेला होता. हे सगळं मी पाहिलं आणि तरीही तिच्या पाठीवर वाकळ टाकून पट्टा आवळला. तेवढ्यात वाऱ्याने खताचं रिकामं पोतं तिच्या पायांत आलं. ती उधळली. दोराने माझ्या तळहाताची साल निघाली, मी बांधावर आपटलो, आणि ती शेजाऱ्याच्या तुरीतून माण नदीच्या अंगाला गेली. संध्याकाळी सापडली ती एका परक्या वाड्याजवळ, मेंढ्यांच्या मधोमध, वाकळ पोटाखाली लोंबत असलेली.

त्यानंतर ती मला वीस हातांच्या आत येऊ देईना. मोहरकी दिसली की अंग थरथरे.

दोन रात्री मला झोप लागली नाही. दुखत होता तो हात नव्हता. त्याच आठवड्यात पाऊस झाला होता आणि मालदांडी ज्वारीच्या पेरणीसाठी मी चार दिवस वाफशाची वाट बघत बसलो होतो. शेजारी घाई करत असतानाही मी तिफण बाहेर काढली नव्हती. मातीसाठी चार दिवस थांबणारा मी जित्या जिवासाठी एक सकाळ थांबलो नव्हतो. तिचं मन ओलं होतं आणि मी त्यात कुळव घातला. पोत्याचा दोष नव्हता, वाऱ्याचा नव्हता, घोडीचा तर मुळीच नव्हता.

मामांना मी खरं ते सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "ऱ्हाऊ द्या हितंच. म्होरल्या पावसाळ्याला बघू." दिवाळीनंतर त्यांचं बिऱ्हाड तिच्याशिवाय हललं.

मी पहिल्यापासून सुरुवात केली. रोज कडब्याची पेंढी घेऊन तिच्या वाड्यात जायचो आणि तिच्याकडे पाठ करून दोर वळत बसायचो. काही मागायचं नाही, हात पुढे करायचा नाही. नवव्या दिवशी मानेवर गरम श्वास लागला. मी वळलो नाही. वाकळ जमिनीवर अंथरली आणि तिच्यावर भिजवलेला हरभरा ठेवला. ती आधी पाय ताणून, लांबून खायची. मग वाकळेवर उभी राहून खाऊ लागली. संक्रांतीला वाकळ पाठीवर गेली, पट्ट्याशिवाय. पट्टा लागायला शिमगा उजाडला. मध्ये दोनदा ती पुन्हा बुजली. त्या दोन्ही वेळी मी जिथे ती शेवटची निवांत होती, तिथवर मागे गेलो आणि तिथून पुन्हा चालू केलं.

धीर म्हणजे नुसतं वाट बघणं असं मी पूर्वी समजत होतो. आता वाटतं, वाट बघताना डोळे उघडे ठेवणं म्हणजे धीर. घोडं मागे गेलं, तर ते आपल्याला घाई कुठे झाली ती जागा दाखवत असतं. ती जागा पाहायची, रागाने नाही, मूठभर माती दाबून पाहावी तशी.

जे माझ्याकडे हे काम शिकायला येतात, त्यांना मी हेच सांगतो: घोडीवर हात ठेवण्याआधी तिचा श्वास पाहा. श्वास वर धरलेला असेल, तर त्या दिवशी खरारा करा, पाणी पाजा आणि घरी जा.

ज्येष्ठात मामा परत आले. काळी घोडी त्यांच्या वाड्याबरोबर निघाली, तेव्हा तिच्या पाठीवर वाकळा होत्या, दोन पातेली होती आणि वाकळांच्या मधे आदल्या रात्री जन्मलेलं एक कोकरू होतं.